मद्यपात्रांची शुद्धि

इतिहासकारांनीं राजवाड्यांचे दरवाजे उघडले, रणांगणें मोजलीं, सावकारांच्या वह्या चाळल्या. मोरीकडे मात्र त्यांचें लक्ष क्वचितच गेलें. मोरीवर जें घडतें त्यालाहि इतिहास असतो, आणि तो नेहमींच निरुपद्रवी असतो असें नाहीं. मद्य ज्यांत मुरवावयाचें तीं भांडीं कशानें शुद्ध करावीं, हा असाच एक मोरीवरचा प्रश्न आहे. वरवर पाहतां तो गड्याच्या अखत्यारींतला. परंतु गेल्या दीडशें वर्षांत त्याच्या व त्याच्या शेजारच्या प्रश्नांच्या उत्तरासाठीं मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ झटले, सरकारी चौकशीमंडळें बसलीं, आणि बेफिकिरीपायीं माणसेंहि मेलीं. म्हणून त्याचा थोडा मागोवा घ्यावा असें आम्हांस वाटलें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस मद्याचा विषयच रुचणार नाहीं हें आम्ही जाणून आहों. महाराष्ट्रांत तर १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानें परवान्यावांचून घरीं मद्य करणें हा गुन्हाच ठरतो, आणि प्रस्तुत लेख कोणास त्या उद्योगास लावण्यासाठीं लिहिलेला नाहीं. परंतु विलायतेंत व अमेरिकेंत असंख्य गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरांत राजरोस बीयर करीत असतात, आणि त्यांच्यांत नित्य चालणारा एक वाद म्हणजे, भांडीं कोणत्या औषधानें निर्जंतुक केलीं असतां तीं सुरक्षित समजावीं, हा होय. या ‘सुरक्षित’ शब्दाच्या पोटांतच सारा इतिहास दडलेला आहे.

प्रथम हा खटाटोप कशासाठीं तें सांगितलें पाहिजे. सातू भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचें माल्ट करितात. तें गरम पाण्यांत मुरवून गोड काढा काढितात. तो हॉपचीं फुलें घालून तासभर उकळितात. उकळला म्हणजे काढा निर्जंतुक झाला. पुढें तो निववून त्यांत यीस्ट सोडावयाचें, आणि यीस्टानें आपलें राज्य बसवीपर्यंत इतर कोणास आंत शिरूं द्यावयाचें नाहीं. धोका आहे तो एवढ्या मधल्या अराजकाच्या काळांत. भांड्याच्या चिरेंत, नळीच्या वळणांत, बुचाच्या भोकांत लपलेला जंतु त्या वेळीं आंत गेला, तर कोणी बीयरचें ताक करितो, कोणी शिर्का करितो. आणि कोणी रानटी यीस्ट बाटलींत बसून उरलीसुरली साखर खात राहतें व अखेर बाटली फोडतें. या फुटणाऱ्या बाटल्यांचा अपवाद सोडला, तर येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. बीयरमध्यें मद्यार्क असतो, हॉपचा कडूपणा असतो, आंबटपणा असतो, आणि प्राणवायु जवळजवळ नसतो. अशा जागीं पटकी, विषमज्वर इत्यादि माणसाच्या रोगांचे जंतु तग धरीत नाहींत. म्हणजे भांडें अशुद्ध राहिलें तर बहुधा बीयर मरते, माणूस मरत नाहीं. उलट जें औषध जंतु मारण्यासाठीं भांड्यास लावावयाचें, तें मात्र माणसास मारूं शकतें. रोगापेक्षां औषध अधिक भयंकर, अशी ही दुर्मिळ स्थिति आहे, आणि ती ओळखावयास लोकांस फार वेळ लागला.

सूक्ष्मजंतूंचें नांवहि कोणास ठाऊक नव्हतें तेव्हांसुद्धां भांडीं शुद्ध होतच होतीं. नॉर्वेंतील शेतकऱ्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या बीयर होत आली आहे. तेथें जुनिपर नांवाच्या सदाहरित झुडपाच्या डहाळ्या पाण्यांत उकळून त्या सुवासिक काढ्यानें लांकडी पिंपें धुण्याची चाल आहे. जुनिपरच्या अंगीं कांहीं जंतुनाशक गुण असेलहि. पण मुख्य काम उकळत्या पाण्याचें, हें उघड आहे. शेतकऱ्यास त्याचें कारण ठाऊक नव्हतें. घराला वास चांगला येतो व बीयर बिघडत नाहीं, एवढें त्याला पुरेसें होतें. त्याच घरांत यीस्ट लांकडी कड्यांवर वाळवून पुढच्या सणापर्यंत जपून ठेवीत. द्राक्षमद्याच्या देशांत दुसरा उपाय रूढ होता, तो गंधकाचा. गंधकांत बुडविलेली वात पेटवून ती रिकाम्या पिंपांत लोंबत सोडावयाची व तोंड बंद करावयाचें. सतराव्या शतकांत डच व्यापाऱ्यांनीं ही चाल इतकी पसरविली कीं, फ्रान्सांत त्या वातीस ‘डच काडी’ असेंच नांव पडलें.

हें वाचून आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांस नवल वाटणार नाहीं. लोणच्याची बरणी धुवून, उन्हांत कडकडीत वाळवून, निखाऱ्यावर हिंगाची पूड टाकून तिची धुरी बरणींत कोंडावयाची, ही रीत महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत अजून आहे. आणि हिंगाचा उग्र वास हा गंधकयुक्त द्रव्यांचाच असतो, हें त्या डच काडीशीं ताडून पाहण्यासारखें आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांतहि आसवारिष्टें ज्या मातीच्या घटांत घालावयाचीं तो घट आंतून तुपानें माखून सुगंधी द्रव्यांनीं धुपवून घ्यावा, असा पाठ आहे. मातीचीं छिद्रें तुपानें बुजतात व धुरानें आंतील पृष्ठभाग कोरडा आणि जंतूंस नकोसा होतो. नीरा उतरविणारे लोक मडक्यास आंतून चुना फासतात तोहि याच जातीचा उपाय. मात्र तेथें किण्वन मुळींच होऊं द्यावयाचें नसतें. या सर्व रीतींत एक समान गुण आहे. ऊन, धूर, चुना, उकळतें पाणी, यांपैकीं जें कांहीं भांड्यांत मागें राहतें तें माणसाच्या ओळखीचें असतें, आणि अधिक झालेंच तर जिभेस लगेच कळतें.

कारण कळलें तें लुई पाश्चरमुळें. १८७०-७१ च्या युद्धांत जर्मनांनीं फ्रान्सचा पाडाव केला, आणि पाश्चरसारख्या मानी देशभक्तास तो फार झोंबला. बीयरच्या धंद्यांत तरी जर्मनांस मागें टाकावें या ईर्ष्येनें त्यानें १८७१ सालीं तो विषय हातीं घेतला, आणि आपल्या पद्धतीनें होईल ती बीयर ‘राष्ट्रीय सूडाची बीयर’ म्हणून ओळखली जावी, अशी त्याची इच्छा होती. सूडाचा असा निरुपद्रवी प्रकार इतिहासांत दुसरा आढळणें कठीण! त्याच वर्षीं सप्टेंबरांत तो लंडनला गेला व व्हिटब्रेड यांच्या विख्यात कारखान्यांत शिरला. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यानें तेथील यीस्ट पाहिलें, आणि यीस्टाच्या गोल पेशींमध्यें लांबट, धाग्यासारखे परके जंतु त्याला दिसले. ही बीयर पुष्कळ बिघडत असली पाहिजे, असें त्यानें यीस्टावरूनच सांगितलें. आरंभीं हातचें राखून बोलणाऱ्या चालकांस मग बिघडलेल्या मालाची कबुली द्यावी लागली. आठवड्याभरानें तो पुन्हा गेला तों कारखान्यानें स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता. १८७६ सालीं त्याचा बीयरविषयींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बीयरचा प्रत्येक रोग कोणत्या तरी विशिष्ट जंतूपासून होतो, आणि तो जंतु हवेंतून, भांड्यांतून किंवा यीस्टांतून येतो, हा त्याचा सिद्धांत होता. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल ख्रिश्चन हान्सेन यानें १८८३ सालीं एका पेशीपासून यीस्टाचें शुद्ध बियाणें वाढविलें, तेव्हां यीस्टाकडून येणारा धोकाहि आटोक्यांत आला. कारखान्याचे मालक याकोब्सेन यांनीं तें बियाणें गुप्त न ठेवतां इतर कारखानदारांस दिलें, ही गोष्ट आम्ही हान्सेनच्या शोधाइतकीच थोर मानितों.

आतां शत्रु दिसूं लागला होता. आणि शत्रु दिसला म्हणजे शस्त्रांची हांव सुटते. पाश्चरनें उष्णतेचा मार्ग दाखविला होता, पण उष्णतेस कोळसा लागतो, वेळ लागतो, आणि लांकूड व कांच यांना ती सोसावी लागते. शिशींतून चार थेंब टाकून काम भागत असेल तर तें कोणास नको असतें? जर्मन रसायनज्ञ हेर्मान कोल्बे यानें १८७४ च्या सुमारास सॅलिसिलिक आम्ल स्वस्तांत तयार करण्याची रीत बसविली, आणि तें बीयर व द्राक्षमद्य टिकविण्यासाठीं सर्रास वापरांत आलें. फ्रान्सनें १८८१ सालीं खाद्यपेयांतून त्याला हद्दपार केलें. कोणी फ्लुओरिनचीं संयुगें वापरूं लागलें, कोणी फॉर्मालिन. अमेरिकेंत डॉक्टर हार्व्ही वायली यानें १९०२ पासून धट्ट्याकट्ट्या तरुणांस टांकणखार, सॅलिसिलिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड, गंधकाचीं संयुगें अशीं टिकाऊपणाचीं औषधें अन्नांतून चारून त्यांच्या प्रकृतीचीं टिपणें ठेविलीं. वर्तमानपत्रांनीं त्या तरुणांस ‘विषपथक’ म्हणून प्रसिद्धि दिली. आजच्या मोजमापानें ते प्रयोग ओबडधोबड होते यांत शंका नाहीं, परंतु १९०६ च्या शुद्ध अन्नाच्या कायद्यामागें त्यांचें बळ होतें.

यापूर्वींच, १९०० सालीं, इंग्लंडांत जो प्रकार घडला त्याची हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. कारण भांड्यास कोणतें रसायन लावावें हा प्रश्न विचारणाऱ्यानें ती आधीं वाचावी असें आमचें मत आहे. मँचेस्टर व साल्फर्ड या गांवांतील गरीब वस्तींत त्या वर्षीं एक विलक्षण सांथ आली. हातापायांना मुंग्या, मग वेदना, मग लुळेपणा, कातडी काळवंडलेली. डॉक्टर म्हणाले, दारूचा परिणाम. दारूबाजाच्या शिरा अशाच जातात. गरीब माणसाच्या रोगास त्याचें व्यसन हें कारण नेहमींच हाताशीं तयार असतें. परंतु अर्नेस्ट रेनल्ड्स नांवाच्या डॉक्टरास एक गोष्ट खटकली. व्हिस्कीसारखी जहाल दारू पिणारे बचावले होते, आणि सौम्य बीयर पिणारे पडले होते. दारू हेंच कारण असेल तर असें उलटें कां व्हावें? त्यानें बीयर तपासली आणि तींत सोमल सांपडला. सोमल कोठून आला? बीयरसाठीं स्वस्त पडावी म्हणून कारखानदार साखर घालीत. ती साखर गंधकाच्या आम्लानें तयार केलेली होती. आणि तें आम्ल पायराइट नांवाच्या ज्या खनिजापासून काढिलें होतें त्यांत सोमल होता. पूर्वीं त्याच ठिकाणाहून सोमल काढून टाकलेलें आम्ल येत असे. पुढें न काढलेलें येऊं लागलें, आणि तें कोणासाठीं वापरावयाचें हें देणाऱ्यानें विचारिलें नाहीं, घेणाऱ्यानेंहि सांगितलें नाहीं. सहा हजारांवर लोक आजारी पडले, सत्तरांच्या आसपास मेले. लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखालीं राजाज्ञेनें मंडळ बसलें. गॅलनमागें ग्रेनचा शंभरावा भाग ही पेयांतील सोमलाची कमाल मर्यादा त्या मंडळाच्या शिफारशींतून आली.

येथें भांडीं धुण्याचा संबंध नव्हता हें खरें. पण ‘आम्ल’ हें नांव एकच असलें तरी कारखान्याचें आम्ल निराळें व अन्नाचें आम्ल निराळें, ही शिकवण येथूनच मिळाली. आजहि घरगुती बीयर करणारा कोणी गृहस्थ लोखंडाचा गंज काढण्याचें फॉस्फोरिक आम्ल स्वस्त मिळतें म्हणून तेंच भांड्यास लावावयाचा विचार करितो, तेव्हां त्यानें मँचेस्टरची आठवण ठेवावी.

घरगुती बीयर हा विषय मधल्या काळांत जवळजवळ बुडाला होता. इंग्लंडांत १८८० च्या कायद्यानें घरीं बीयर करणाऱ्यास परवाना घ्यावा लागे. तो १९६३ सालीं रद्द झाला. अमेरिकेंत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठली तेव्हां घरगुती द्राक्षमद्यास मुभा मिळाली, पण बीयर राहून गेली, आणि अध्यक्ष कार्टर यांनीं १९७८ च्या ऑक्टोबरांत सही केली तेव्हां ती उणीव भरून निघाली. कायदा मोकळा झाला, पण विद्या तुटलेली होती. कारखान्यांत वाफेच्या नळ्या व शिकलेले रसायनज्ञ होते. घरच्या माणसाजवळ प्लास्टिकची बादली, कांचेचा बुधला आणि न्हाणीघर. प्लास्टिकला उकळतें पाणी सोसत नाहीं, कांचेला एकदम सोसत नाहीं. मग त्यानें हाताशीं असेल तें उचललें.

इंग्लंडांत हाताशीं होत्या कॅम्डेनच्या गोळ्या. कॅम्डेन या गांवच्या फळें टिकविण्याच्या संशोधनकेंद्रांत १९२० नंतरच्या दशकांत गंधकी द्रावण तयार झालें, त्याचेंच हें गोळीचें रूप. म्हणजे ती जुनी डच काडीच, पण धुराशिवाय. द्राक्षमद्य आंबट असतें तेथें हें औषध चांगलें चालतें. बीयरचा काढा तितका आंबट नसतो, तेथें त्याची धार बोथट होते. शिवाय दम्याच्या रोग्यांपैकीं कांहींना गंधकी द्रव्यें मुळींच सोसत नाहींत. अमेरिकेच्या सरकारनें १९८६ सालीं कच्च्या भाज्या व फळें यांवर तीं शिंपडण्यास बंदी केली ती कांहीं मृत्यु घडल्यानंतरच.

अमेरिकेंत हाताशीं होतें तें कपडे पांढरे करण्याचें क्लोरीनचें पाणी. याचा वंश मोठा आहे. स्वीडनच्या शेले यानें १७७४ सालीं क्लोरीन वायु ओळखला; फ्रान्सांत बेर्तोले यानें त्यापासून कापड उजळविण्याचें पाणी केलें; ग्लासगोच्या टेनंट यानें १७९९ सालीं विरंजक भुकटीचें पेटंट घेतलें. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहांत सेमेल्वाइस यानें १८४७ सालीं डॉक्टरांस या भुकटीच्या पाण्यानें हात धुवावयास लाविलें आणि बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें उतरले. प्रेताचा वास जी वस्तु घालविते ती प्रेताचें विषहि घालवीत असावी, एवढाच त्याचा तर्क होता. नगराचें पाणी क्लोरीननें शुद्ध करण्याचा प्रघात १९०५ सालीं इंग्लंडांतील लिंकन येथें व १९०८ सालीं अमेरिकेंतील जर्सी सिटी येथें पडला, आणि त्यानें किती जीव वांचले याची मोजदाद करणें कठीण आहे. अशा कुलवंत औषधावर गृहस्थानें विश्वास ठेविला तर त्यांत वांकडें कांहीं नाहीं.

तरी बीयरच्या भांड्याशीं त्याचें जमत नाहीं, आणि त्याचीं कारणें तीन आहेत. माल्ट व यीस्ट यांच्यापासून बीयरमध्यें फिनॉलवर्गीय द्रव्यें येतात. क्लोरीन त्यांच्याशीं मिळून क्लोरोफिनॉल होतात, आणि तीं अब्जांत कांहीं भाग इतकीं अल्प असलीं तरी बीयरला इस्पितळाचा वास येतो. याच कुळांतील एका द्रव्यानें द्राक्षमद्याच्या जगांत मोठा अनर्थ केला. बुचें क्लोरीननें उजळविण्याची चाल होती. बुचांतील बुरशीनें क्लोरोफिनॉलचें रूपांतर ट्रायक्लोरोअ‍ॅनिसॉलमध्यें केलें कीं उंची मद्यालाहि ओल्या तळघराचा दर्प येई. हा गुन्हेगार १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं स्विस रसायनज्ञांनीं ओळखला, तेव्हां कुठें बुचांचें क्लोरीन सुटत गेलें. दुसरें कारण असें कीं, क्लोरीनचें पाणी वापरलें म्हणजे भांडें पुन्हा धुवावें लागतें. आणि धुण्याचें पाणी उकळून निवविलेलें नसेल तर त्यांतून जंतु परत येतात. मग पहिलें औषध लाविलें कशाला? तिसरें कारण सर्वांत गंभीर. या पाण्यांत आम्ल पडलें, तर ज्या वायूनें १९१५ च्या एप्रिलांत ईप्रच्या रणांगणावर सैनिक गुदमरले तोच वायु न्हाणीघरांत निघतो; अमोनिया पडला तर दुसरा विषारी वायु निघतो. शिर्का घातल्यानें क्लोरीनचा जोर वाढतो हें रसायनशास्त्राच्या दृष्टीनें खरें आहे, आणि भरपूर पाण्यांत एक एक करून, अगदीं अल्प प्रमाणांत मिसळल्यास तें साधतेंहि. पण अर्धवट ऐकून दोन्ही बाटल्या एकमेकींत ओतणारा मनुष्य जगांत असतो, हें गृहीत धरूनच सल्ला दिला पाहिजे. आम्ही तरी तो सल्ला देणार नाहीं.

१९६५-६६ च्या सुमारास कॅनडांतील क्यूबेक शहरांत जें घडलें त्याची सुरुवात ग्लास धुण्याच्या मोरींतच झाली. कृत्रिम साबण नवीन आले होते. ते ग्लासाच्या कांचेवर किंचित् चिकटून राहत आणि बीयरचा फेस मोडीत. गिऱ्हाइकास फेस हवा. ग्लास नीट विसळावा हा साधा उपाय. पण दुकानदारांना ग्लास विसळावयास शिकविण्यापेक्षां कारखान्यांस एक चिमूट कोबाल्टचा क्षार बीयरमध्यें घालणें सोपें वाटलें, कारण त्यानें फेस टिकतो. कायद्यानें तें चालत होतें, आणि पंडुरोगावर डॉक्टर त्याहून अधिक कोबाल्ट औषध म्हणून देतहि असत. परंतु दिवसाकाठीं अनेक लीटर बीयर पिणारे व धड न जेवणारे जे मजूर होते, त्यांच्या हृदयाचे स्नायु त्यानें निकामी केले. सुमारें पन्नास रुग्ण झाले, त्यांतले वीस दगावले. अमेरिकेंतील ओमाहा व बेल्जममधील लूव्हें येथेंहि असे रोगी आढळले. कोबाल्ट बंद झालें, आणि रोगहि थांबला. प्रत्येक वस्तु एकेकटी निर्दोष होती. साबण निर्दोष, कोबाल्टची मात्रा निर्दोष, बीयर सौम्य. रोज बीयरवरच जगणारा अर्धपोटी मनुष्य कोणी हिशेबांत धरला नव्हता, एवढेंच.

त्याच दशकांत एक औषध निघालें, त्यानें तर भल्याभल्यांस भुरळ घातली. डायएथिल पायरोकार्बोनेट हें त्याचें नांव. तें पेयांत टाकावें, जंतु मरावे, आणि थोड्याच वेळांत त्याचें विघटन होऊन मद्यार्क व कार्बन-डाय-ऑक्साइड एवढेंच उरावें. बीयरमध्यें हीं दोन्ही आधींच असतात. म्हणजे पाऊलखूणसुद्धां राहत नाहीं! जर्मनी, अमेरिका आदि देशांनीं त्यास परवानगी दिली. १९७१ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं दाखविलें कीं, पेयांत जो किंचित् अमोनिया असतो त्याच्याशीं मिळून यापासून युरेथेन बनतें, आणि युरेथेन हें प्राण्यांत कर्करोग उत्पन्न करणारें द्रव्य आहे. किती बनतें याविषयीं पुढें मतभेद झाले. अमेरिकेनें मात्र १९७२ सालींच परवानगी काढून घेतली. ‘मागें कांहीं उरत नाहीं’ असें सांगणाऱ्याला ‘काय काय शोधून पाहिलें?’ असें विचारावें, हें या प्रकरणापासून रूढ झालें.

आज घरगुती बीयर करणाऱ्यांत दोन औषधें मुख्यतः चालतात. एक आयोडीनचें. नेपोलियनच्या लढायांसाठीं सोरा लागे. त्याकरितां समुद्रशेवाळाची राख उकळतांना कुर्त्वा नांवाच्या कारखानदारास १८११ सालीं जांभळी वाफ दिसली, तेंच आयोडीन. नुसतें आयोडीन डाग पाडतें व झोंबतें; साबणासारख्या द्रव्याशीं तें बांधून घेतलें म्हणजे सौम्य होतें. हें बांधलेलें आयोडीन गोठ्यांत व दुग्धालयांत दुधाच्या भांड्यांसाठीं रूढ झालें, व तेथून बीयरकडे आलें. दहा लाखांत साडेबारा भाग इतकें पातळ केलें म्हणजे भांडें निथळून तसेंच वापरतां येतें, पुन्हा धुवावें लागत नाहीं. याचा एक मोठा गुण आम्हांस फार आवडतो. द्रावणाचा तांबूस रंग उडाला कीं औषधाची शक्ति संपली असें समजावें. अडाण्यालाहि डोळ्यांनीं दिसतें. दोष एवढाच कीं मऊ प्लास्टिकच्या नळ्या पिंवळ्या पडतात, आणि ज्यांस गलग्रंथीचा विकार आहे त्यांनीं जपून असावें.

दुसरें औषध आम्लाचें. अन्नयोग्य फॉस्फोरिक आम्ल आणि डोडेसिलबेंझिन सल्फॉनिक आम्ल यांचें हें मिश्रण. अमेरिकेंत तें ‘स्टार सॅन’ या नांवानें विकलें जातें. सुमारें १९ लीटर पाण्यास ३० मिलीलीटर हें प्रमाण. आंबटपणा फार तीव्र, पीएच तीनच्या खालीं. त्यानें जंतूचें बाह्य आवरण दुबळें होतें आणि दुसरें द्रव्य तें फाडतें. हें काम एक-दोन मिनिटांचें. भांडें निथळल्यावर जे थेंब राहतात ते बीयरच्या प्रचंड साठ्यांत गेले कीं त्यांचा आंबटपणा पार विरून जातो, आणि फॉस्फेट उरतें, जें माल्टांतून बीयरमध्यें आधींच भरपूर आलेलें असतें. पाणी जड असेल, जसें आपल्याकडच्या पुष्कळ विहिरींचें असतें, तर द्रावण गढूळ होतें व त्याचा जोर ओसरतो. अशा वेळीं शुद्ध केलेलें पाणी घ्यावें. मूळ शिशी मात्र डोळ्यांस व कातडीस घातक आहे, हें विसरूं नये. कारखान्यांत परासेटिक आम्लहि पुष्कळ चालतें. त्याचा शेवट शिर्क्यांतील आम्ल, पाणी व प्राणवायु यांत होतो. पण त्याचा दाट अर्क घरांत ठेवण्याजोगा नाहीं.

हीं दोन्ही औषधें पुष्कळ अंशीं एका अटीवर चालतात, आणि घाईच्या माणसाकडून नेमकी तीच मोडते. भांडें आधीं घासून अगदीं स्वच्छ केलेलें पाहिजे. घासणें व निर्जंतुक करणें हीं दोन निराळीं कामें आहेत. यीस्टाचा वाळलेला थर, माल्टाची चिकट पुटी, यांच्या आड बसलेल्या जंतूपर्यंत कोणतेंहि औषध पोहोंचत नाहीं. आयोडीन तर त्या मळाशींच झगडून खर्च होतें. बरणीला हिंगाची धुरी देण्यापूर्वीं ती घासून उन्हांत वाळविणारी आजी हें जाणत होती, आणि जुनिपरचा काढा ओतण्यापूर्वीं पिंप खरवडणारा नॉर्वेचा शेतकरीहि.

दोहोंपैकीं एक निवडा म्हटलें तर आम्ही आयोडीनकडे झुकूं, तें त्याच्या दिसणाऱ्या रंगासाठीं. बहुतेक बीयर करणारे आम्लाकडे झुकतात, कारण त्याचें द्रावण मिटलेल्या भांड्यांत कित्येक दिवस टिकतें. त्या आम्लाचा फेस फार होतो, आणि बुधल्यांत फेस तसाच राहिला असतां वरून काढा ओतावा, भिऊं नये, असें जाणते लोक नवशिक्यांस सांगतात. हा फेस करणारें द्रव्य रासायनिक कुळानें पाहिलें तर क्यूबेकच्या काळांतील कृत्रिम साबणांचें जवळचें नातलग आहे. निथळलेल्या थेंबांतून बीयरमध्यें जातें तें इतकें अल्प कीं, बीयरचा फेस त्यानें मोडल्याची तक्रार कोणी करीत नाहीं. ज्या ग्लासांत ती बीयर पुढें ओतावयाची, तो मात्र साबणानें धुतल्यावर दोनदां साध्या पाण्यानें विसळून घ्यावा लागतो.